माळ्यावरचा लोखंडी रंधा

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरीवली या बाजूच्या जुन्या इमारती पुनर्बांधणीसाठीं रिकाम्या होऊं लागल्या म्हणजे माळ्यांवरचें सामान खालीं येतें. पितळेचें घंगाळ, पाटा-वरवंटा, मोडका पाळणा, आणि एखाद्या घरीं एक सागवानी पेटी. पेटी उघडली कीं तेलकट फडक्यांत गुंडाळलेली एक चमत्कारिक वस्तु हातीं लागते. लोखंडाचे दोन सांगाडे समोरासमोर उभे, त्यांच्यामधून आरपार गेलेल्या दोन दांड्या, एका अंगाला शिसवीसारख्या काळसर लांकडाची पट्टी, जागोजागीं बोटांनीं फिरवावयाचे स्क्रू, आणि मागें मूठ. कोणी म्हणतो हें पुस्तकें बांधावयाचें यंत्र, कोणी म्हणतो शिवणयंत्राचा भाग. घरांतील वडील माणसांपैकीं एखाद्याला एवढेंच स्मरतें कीं, आजोबा या पेटीला कोणाचा हात लागूं देत नसत. तोंवर खालीं भंगारवाल्याचा तराजू येऊन उभा राहिलेला असतो.

ही वस्तु म्हणजे सुताराचा रंधा होय. इंग्रजींत त्याला कॉम्बिनेशन प्लेन असें नांव आहे. साधा रंधा फळीचा पृष्ठभाग सपाट करतो. हा मात्र सपाटीच्या कामाचा नव्हे. फळीच्या कडेला खोबण पाडणें, काचेसाठीं चौकटीच्या आंतल्या अंगाला पायरी काढणें, दोन फळ्या एकमेकींत बसाव्या म्हणून एकीला जीभ व दुसरीला खाच करणें, टेबलाच्या कडेला मण्यासारखी गोलाई देणें, हीं सर्व निरनिराळीं कामें एकाच सांगाड्यावर केवळ पातें बदलून करतां यावीं, ही त्यामागची कल्पना.

ही कल्पना कोणाला सुचावी व केव्हां सुचावी, हें समजण्यासाठीं आधीं लांकडी रंध्याकडे पाहिलें पाहिजे. रंधा हें फार जुनें अवजार आहे. पाँपेईच्या राखेखालून लोखंडी तळाचे रोमन रंधे निघाले आहेत. पण मूळ रचना इतक्या शतकांत फारशी बदलली नाहीं : एक ठोकळा, त्यांत तिरपें बसविलेलें पातें, आणि पातें घट्ट धरणारी पाचर. नक्षीची पट्टी काढावयाची असेल तर ठोकळ्याचा तळच त्या नक्षीच्या उलट आकाराचा घडवावा लागतो व पात्यालाहि तीच वळणें द्यावीं लागतात. म्हणजे जितक्या नक्ष्या तितके रंधे. इंग्लंडांत केवळ गोल व पन्हाळीदार रंध्यांचा पूर्ण संच अठरा जोड्यांचा, म्हणजे ३६ नगांचा असे. खोबणीचा, पायरीचा, जीभ-खाचेचा हे त्याखेरीज. सुताराची पेटी त्यामुळें त्याच्या अंगापेक्षां जड होई.

मुंबईच्या सुतारांनाहि हा भार अपरिचित नव्हता आणि त्याचा त्यांनीं कधीं बाऊ केला नाहीं. १७३६ सालीं सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें येथल्या गोदींत सागवानाचीं जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट आणि लांकडी रंधे एवढ्या सामुग्रीवर ज्या शहरानें इंग्रजी आरमाराला जहाजें पुरविलीं, त्या शहरांत पुढें हा लोखंडी पाहुणा आला, हें ध्यानांत ठेवणें बरें. तो आला तो अमेरिकेंतून.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यांत न्यू ब्रिटन नांवाचें गांव आहे. १८५७ सालीं तेथें स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनी स्थापन झाली. मोजपट्ट्या व पाणसळ बनविणारी ही कंपनी पुढें रंध्यांकडे वळली. चार्ल्स मिलर यानें १८७० सालीं पेटंट घेतलेला खोबणीचा लोखंडी रंधा ती बनवूं लागली. त्यावर वेलबुट्टीचें ओतीव काम इतकें नाजुक असे कीं, तो सुताराच्या हातीं देण्यापेक्षां दिवाणखान्यांत मांडावा असें वाटे. त्यानंतर जस्टस ट्राऊट या अत्यंत कल्पक कारागिराच्या पेटंटांवर आधारलेले रंधे एकामागून एक निघाले. १८८० नंतरच्या दशकांत क्रमांक ४५ चा रंधा बाजारांत आला आणि हाच या घराण्यांतला सर्वांत प्रसिद्ध ठरला. १८९७ सालीं क्रमांक ५५ निघाला. त्याच्या पात्यांची संख्या पन्नासाच्या वर गेली, आणि कंपनीनें त्याची जाहिरात करतांना तो म्हणजे एक पुरी रंधागिरणीच आहे, असा डौल मिरविला.

गिरणीची ही उपमा सहज आलेली नव्हे. त्या काळीं अमेरिकेंत वाफेच्या यंत्रांवर नक्षीपट्ट्या कारखान्यांतून सरसकट तयार होत होत्या. मोठें काम सुताराच्या हातून निसटलेंच होतें. उरलें होतें तें किरकोळ काम : जुन्या घराच्या एका चौकटीला जुळणारी चार हात पट्टी, एका कपाटाचा खण, एका दाराची दुरुस्ती. अशा चार हातांसाठीं कारखाना यंत्र लावीत नाहीं आणि सुतारानें तरी छत्तीस रंधे कां बाळगावे? म्हणजे हा रंधा हस्तव्यवसायाच्या भरभराटीचें अपत्य नसून त्याच्या उतरत्या काळांतली तडजोड होती. कंपनीनें ती मोठ्या थाटानें विकली, हा तिचा व्यापारी हुशारीचा भाग.

इंग्लंडनें या रंध्याची नक्कल पुष्कळ उशीरां केली. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्पटन या कंपनीनें 'रेकॉर्ड' या छापाचे लोखंडी रंधे १९३१ पासून बाजारांत आणले. वेळ नेमकी साधली गेली, कारण १९३२ सालीं ब्रिटननें परदेशी मालावर जकात बसविली व त्याच वर्षींच्या ओटावा करारानें साम्राज्यांतल्या मालाला साम्राज्यांत सवलत मिळाली. अमेरिकन माल महाग झाला. स्टॅन्ले कंपनीनेंहि मग शेफील्डमधील एक जुना कारखाना विकत घेऊन तेथेंच रंधे बनविण्यास आरंभ केला. 'रेकॉर्ड'चा क्रमांक ४०५ हा बहुतेक अंशीं अमेरिकन ४५ चाच जुळा भाऊ आहे. ०५० हा त्यांतला धाकटा.

आतां मुंबईकडे वळावें. शेफील्डचीं पातीं व कानशी येथल्या बाजाराला नवीन नव्हत्या, आणि नागदेवी रस्त्यावर अवजारांचीं दुकानें आजहि आहेत. तरी हा रंधा सर्वसामान्य मिस्त्रीच्या झोळींत कधींच शिरला नाहीं. याचें खापर त्याच्या जुनाट वृत्तीवर फोडण्याची सुशिक्षितांना संवय आहे. परंतु तो आरोप टिकणारा नाहीं.

पहिलें कारण बैठकीचें. देशी सुतार परंपरेनें जमिनीवर बसून काम करी व लांकूड पायांनीं धरी. मोठा रंधा असेल तर पुढून एक जण ओढी व मागून दुसरा रेटी. कॉम्बिनेशन रंध्याला हें चालत नाहीं. त्याची पट्टी लांकडाच्या कडेला सतत चिकटून चालली पाहिजे, उजव्या हातानें रंधा पुढें रेटला पाहिजे आणि डाव्या हातानें पट्टी आंत दाबली पाहिजे. म्हणजे लांकूड शेगड्यांत पक्कें जखडलेलें आणि माणूस मेजापाशीं उभा हवा. असें मेज व असा शेगडा कोठें होता? रेल्वेच्या कारखान्यांत आणि तांत्रिक शिक्षणाच्या शाळांत. जी. आय. पी. रेल्वेचा डब्यांचा कारखाना १९१५ सालीं माटुंग्यास उभा राहिला, आणि १९५५ सालीं पेरांबूरचा पोलादी डब्यांचा कारखाना सुरू होईपर्यंत या देशांतल्या आगगाडीच्या डब्याचें पुष्कळसें अंग लांकडाचेंच असे. १८८७ सालीं भायखळ्यास स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ सालीं माटुंग्यासच गेली. अशा ठिकाणीं नोकरी करणारा किंवा शिकविणारा माणूस हा रंधा ओळखी, आणि ऐपत असली तर स्वतःसाठीं घेईहि.

दुसरें कारण लांकडाचें, आणि तें अधिक महत्त्वाचें. लांकडी नक्षीरंध्याचा तळ पात्याच्या अगदीं पुढें लांकडावर टेंकलेला असतो. पातें तंतु उचलूं लागलें कीं तळ ते दाबून धरतो, त्यामुळें साल फाटत नाहीं. कॉम्बिनेशन रंध्याला असा तळच नाहीं. दोन पातळ पट्ट्यांवर तो घसरतो आणि मधलें पातें जवळजवळ उघडें असतें. सरळ तंतूच्या पाइनमध्यें हें खपून जातें. सागवानाचे तंतु मात्र वांकडे-तिकडे असले तर पात्याखालीं उपटले जातात. शिवाय सागवानांत वाळूचा अंश असल्यामुळें धार लवकर मरते. अमेरिकेंत पाइनसाठीं आंखलेला रंधा मुंबईच्या सागवानावर गोलाई काढतांना चांचरला, तर मिस्त्रीनें आपला लांकडी गोलरंधा कां टाकून द्यावा? खोबण, पायरी, जीभ-खाच या सरळ कामांत मात्र लोखंडी रंधा लांकडी रंध्याच्या वरचढ आहे. त्याच्या दांड्यांवर सरकणारी पट्टी जें अंतर एकदां धरते तें दहा फळ्यांपर्यंत सोडीत नाहीं.

उपनगरांशीं या रंध्याचा संबंध येतो तो वस्तीच्या मार्गानें. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२८ सालीं विजेची गाडी बोरीवलीपर्यंत धांवूं लागली. परळ-माटुंग्याच्या कारखान्यांत दिवसभर उभा राहणारा माणूस रात्रीं अंधेरीस किंवा घाटकोपरास झोंपावयास जाऊं लागला. त्याच्याबरोबर त्याची पेटीहि गेली. निवृत्तीनंतर तो गॅलरींत मेज मांडून शेजाऱ्यांचीं कपाटें नीट करी. मुलें कारकून झालीं, नातवंडें इंजिनियर झालीं. पेटी माळ्यावर गेली.

आतां ती खालीं आली आहे, तेव्हां प्रथम ओळख पटवावी. सांगाड्याच्या अंगावर ओतीव अक्षरांत क्रमांक व कंपनीचें नांव सांपडतें. गंजाखालीं दिसत नसेल तर कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घांसावी. पेटंटाची तारीख दिसल्यास ती रंध्याच्या जन्माची तारीख समजूं नये. एकच तारीख पुढें वर्षानुवर्षें छापली जाई. स्टॅन्लेच्या मालावर हृदयाच्या आकृतींत एस व डब्ल्यू हीं अक्षरें असतील तर तो माल साधारण १९२० ते १९३५ या काळांतला. कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या स्मरणार्थ हें चिन्ह घेण्यांत आलें. त्यांच्या आडनांवाचा उच्चार हृदय या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशीं जुळतो. पण चिन्ह पात्यावर असेल तर तें पात्याचें वय झालें. पातें मोडलें कीं दुसरें आणीत, म्हणून साक्ष सांगाड्याचीच घ्यावी. ४५ व ५५ यांतला भेद सोपा आहे. ४५ च्या दोन्ही घसरपट्ट्या एकाच पातळींत असतात. ५५ ची सरकती बाजू वरखालीं करतां येते व त्याची पट्टी तिरपीहि होते, कारण त्याला असमान नक्ष्या कापावयाच्या असतात.

मग सामान मोजावें. दांड्यांच्या दोन जोड्या असावयास हव्यात, एक आंखूड व एक लांब. खोली ठरविणारा अडसर हवा. दोन्ही सांगाड्यांच्या अंगाला फुलासारखी एक लहान चकती असते. तिला तीन जिभा असतात व चौथी जागा रिकामी. ती हरवली असेल तर आडव्या तंतूवर काम होणार नाहीं. आणि सर्वांत मुख्य म्हणजे पातीं. तीं सरकत्या झांकणाच्या पातळ लांकडी डब्यांत उभीं लावून ठेवलेलीं असत. माळा रिकामा करतांना नेमकी हीच डबी वेगळी पडते. रंधा एका गाठोड्यांत, डबी दुसऱ्यांत. पात्यांवांचून राहिलेला रंधा हा नुसता सांगाडा होय, आणि सांगाड्यांवांचून राहिलेलीं पातीं म्हणजे कोणाला न उमगणाऱ्या लोखंडाच्या पट्ट्या. भंगाराच्या तराजूंत दोन्ही पांच मिनिटांत जातात, आणि मग जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत किंवा चोरबाजारांत अर्धा रंधा अर्ध्या किंमतीलाहि कोणी विचारीत नाहीं. म्हणून पेटी रिकामी करणाऱ्यानें तिच्या तळाचा कागदहि झटकून पाहावा. मुठीवर किंवा पट्टीवर ठोकलेलीं आद्याक्षरें दिसल्यास तीं घांसून काढूं नयेत. त्या घराच्या इतिहासाचा तेवढाच लेखी पुरावा असतो.

मुंबईच्या दमट हवेनें गंज चढलेला असणारच. त्यावर कानस किंवा जाड पॉलिशकागद चालवूं नये, कारण वरचा निकेलचा मुलामा पातळ असतो व एकदां गेला कीं गेला. घासलेटांत भिजवून मऊ ब्रशानें साफ करावें. नंतर शिवणयंत्राचें तेल लावावें. खोबरेल लावूं नये, तें काहीं महिन्यांत चिकट होऊन बसतें. अडकलेल्या स्क्रूला तेल देऊन एक रात्र थांबावें. हें लोखंड ओतीव आहे. हातोडीचा घाव बसला तर तें वांकत नाहीं, तडकतें.

पात्याला धार सुमारें पस्तीस अंशांची असावी. प्रथम पात्याची पाठ निसण्यावर अगदीं सपाट करावी. पुष्कळ लोक हें टाळतात आणि मग रंध्याला दोष देतात. पहिल्या प्रयोगासाठीं पाव इंची सरळ पातें निवडावें. तें घसरपट्टीच्या दोन्ही बाजूंनीं केसभर बाहेर दिसलें पाहिजे, नाहींतर रंधा आपणच केलेल्या खोबणींत अडकतो. पट्टीचें अंतर पुढें व मागें दोन्हीकडे मोजावें. तें समान नसेल तर खोबण तिरपी जाईल. तंतूच्या दिशेनें काम असल्यास चकतीची रिकामी बाजू खालीं करावी. आडवें काम असेल तेव्हांच जीभ खालीं आणावी, म्हणजे पात्याच्या आधीं ती तंतु कापीत जाते.

नवशिका नेहमीं फळीच्या जवळच्या टोंकापासून सुरुवात करतो व पहिल्याच रेट्यांत रंधा भरकटतो. जुने कारागीर उलट करीत. पलीकडच्या टोंकाशीं वीतभर रेटा, मग थोडें मागें येऊन दोन विती, असें मागें मागें येत शेवटीं पूर्ण लांबी. पुढची खोबण आधींच तयार असल्यामुळें रंधा तिच्यांत आपोआप शिरतो. घसरपट्टीला मेणबत्ती घांसावी. साल कागदाइतकी पातळ निघाली पाहिजे. जाड साल काढण्याचा मोह झाला कीं पातें थरथरूं लागतें. गोलाईचीं पातीं हा सराव पुरा झाल्यावर घ्यावीं, आणि लांकूड सरळ तंतूचें पाहून घ्यावें.

अमेरिकेंत ४५ व ५५ चें उत्पादन १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच थांबलें. शेफील्डचा ४०५ त्यानंतर सुमारें वीस वर्षें निघत राहिला. मुंबईंत प्लायवूड आलें, सनमायका आला, तयार पट्ट्या आल्या, विजेवर फिरणारा राऊटर आला. त्या राऊटरला कान बधिर करणारा आवाज आहे आणि घरभर पसरणारी धूळ आहे. तथापि अर्ध्या दिवसाचें काम तो पांच मिनिटांत उरकतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या मिस्त्रीनें त्याला नाकारावें असें सांगण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. घरगुती हौशी माणसाची गोष्ट निराळी. त्याला वेळेचा हिशोब द्यावयाचा नसतो, आणि रात्रीं नऊनंतर शेजाऱ्यांची झोंप न मोडतां चालणारें असें दुसरें अवजार त्याला मिळावयाचें नाहीं.

ज्या पेटींतून हा रंधा निघाला त्या पेटीचें झांकण बहुधा सरकतें असतें. तें बाहेर काढावें व त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणी उजेडांत धराव्या. खोबणीच्या तळाशीं रंध्याच्या पात्याच्या बारीक सरळ रेघा दिसतील. डबींतलीं सरळ पातीं एकेक करून तिच्यांत बसवून पाहावीं. त्यांतलें एखादें पातें तिच्यांत, ना सैल ना घट्ट, नेमकें बसतें.